सड्यावरची चाकोरी

सातारा-बामणोली रस्त्यालगत, कासच्या अलीकडे, पावसाळा सरत असताना मी दोन खुणा शेजारी शेजारी पाहिल्या. एक होती गुराच्या खुराची. तिच्यात ओंजळभर पाणी साचले होते आणि कडेने गेंदाची पांढरी बोंडे वर आली होती. दुसरी होती मोटारीच्या चाकांची जोडचाकोरी. तिच्यात काही उगवले नव्हते आणि पाणीही ठरत नव्हते. उताराने वाहून चालले होते. कायद्याने गेल्या दीडशे वर्षांत या दोन खुणांपैकी गुन्हा कोणती मानली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

साताऱ्याच्या पश्चिमेकडील या सपाट माथ्यांना लोक सडा म्हणतात. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरने तर तो शब्द गावाच्या नावातच ठेवला आहे. खाली जांभा दगड आणि वर मातीचा पातळ थर, कुठे बोटभर, कुठे तोही नाही. पाऊस या दगडात फारसा मुरत नाही. उथळ डबकी करून राहतो आणि त्या डबक्यांवरच इथली वनस्पती जगते. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती, सोनकी, तेरडा, आणि सातारा हे नाव शास्त्रीय नावातच असलेला, जगात फारच थोड्या ठिकाणी सापडणारा वायतुरा. कासवर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जातींची नोंद आहे. यांतल्या अनेकांचे कंद किंवा बी वर्षातले सात-आठ महिने त्याच बोटभर मातीत निजून असते. चाकाने ती माती एकदा दाबली की कंद चिरडतो आणि चाकोरीचा पाट होऊन शेजारचे डबके रिकामे होते. पुढचा चालक चिखल टाळायला थोडा बाजूने जातो, तिसरा आणखी बाजूने. अशी एका वाटेची पाच हात रुंद उघडी पट्टी होते. ती भरून यायला लागणारी माती तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

आता कायद्याकडे वळू. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलातले गुन्हे मोजून सांगितले. विनापरवाना शिरणे, गुरे चारणे, झाड तोडणे, आग लावणे. १९२७ च्या कायद्यातले ५२ वे कलम गुन्ह्यात वापरलेल्या वस्तू जप्त करण्याचे आहे. मूळ कलमात त्या वस्तू चारच आहेत: हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरे. या गाड्या म्हणजे बैलगाड्या. मोटार तेव्हा रस्त्यावर आली होती. पण जंगलाला तिच्यापासून धोका आहे, असे कायदा लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसावे. त्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता तो गुराखी.

त्या गुराख्याने उत्तर दिले ते १९३० साली. जंगल सत्याग्रहात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातली गावे उठली. कऱ्हाडजवळचे तांबवे त्यांत होते आणि वारणाकाठची बिळाशीही होती. बिळाशी आज सांगली जिल्ह्यात आहे, कारण १९४९ मध्ये सातारा विभागून दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. बिळाशीकरांनी सरकारचा जंगल कायदा उघडपणे मोडला, सागाच्या खांबावर तिरंगा चढवला आणि पोलिसांच्या दडपशाहीला तोंड दिले. ही गोष्ट आपण स्वातंत्र्यलढ्याचे एक पान म्हणून वाचतो, आणि ते रास्तच आहे. पण त्या पानावर आणखीही एक प्रश्न लिहिलेला आहे. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीवर पाय कोणी ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला नाही. त्यात चाकाची भर पडली. कोयना धरणाच्या जलाशयात जावळीच्या खोऱ्यातली गावे गेली. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या माथ्यावर पवनचक्क्या आल्या आणि त्यांची अवजड पाती न्यायला सड्यावर रुंद रस्ते पडले. मग शनिवार-रविवारची मोटार आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ११५ वे कलम सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून वाहनांना मनाई करू देते. मातीचे किंवा वनस्पतीचे नाव त्यात नाही. म्हणजे एका कायद्याला गुरे दिसत होती, मोटार नाही. दुसऱ्याला मोटार दिसत होती, सडा नाही.

१ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी. कासवर त्यानंतर जी गर्दी लोटली, तिला आवर घालण्याचे दोन उपाय झाले. पहिला उपाय कुंपणाचा. त्याने माणसाबरोबर गुरेही बाहेर राहिली. गवत माजले, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेना. चरणारी गुरेच उंच गवताला आवर घालतात, हे गुराख्यांचे म्हणणे होते आणि वनस्पतींचे अभ्यासकही तेच सांगू लागले. अखेर कुंपण काढावे लागले.

दुसरा उपाय चाकाचा. फुलांच्या हंगामात वाहने बाहेरच्या तळावर उभी करायची, पुढे बसने आणि पायी जायचे, दिवसाला तीन हजारांची मर्यादा पाळायची. ही व्यवस्था वन खात्याबरोबर कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समित्या सांभाळतात. तिच्यात उणिवा आहेत, सुट्टीच्या दिवशी ती वाकतेही. तरी तिची दिशा बरोबर आहे, असे माझे मत आहे. कारण इथे प्रथमच मनाई खुराला नाही, चाकाला आहे. आणि ती राबवणारा माणूस त्याच मातीतला आहे.

चांदोलीत चित्र वेगळे आहे. १९८५ चे अभयारण्य २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. वाहनांवर तिथे कडक बंधन आहे: परवाना, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. वाघाच्या जंगलात ते हवेच. पण त्याआधी तिथली गावे उठवली गेली, आणि धरणग्रस्त व अभयारण्यग्रस्तांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. राहणाऱ्याचे पाऊल बाहेर गेले आणि पैसे भरून येणाऱ्याची गाडी आत आली, हा हिशेब मला बिळाशीच्या वारसदारांपुढे मांडता येत नाही.

उलट बाजूचा धडा माथेरानचा. मोटारीला तिथे बंदी, म्हणून माणसाने माणसाला रिक्षात बसवून ओढायचे. ही प्रथा बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये सांगावे लागले. इंजिन बंद केल्याने ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या खांद्यावर गेले, हे पाहावे लागते.

म्हणून वाहनबंदीचा विचार मी तीन प्रश्नांनी करतो. मनाई नेमकी कशाला आहे, खुराला, पावलाला की चाकाला? बामणोलीकडच्या आजारी माणसाची गाडी आणि फोटोसाठी सड्यावर उतरवलेली गाडी यांत नियम फरक करतो का? आणि राखणदार कोण आहे? या तिन्हींची उत्तरे नीट असतील, तर ती बंदी हा जुन्या जंगल कायद्याचा नवा अवतार ठरत नाही.

मराठीत रुळलेल्या वाटेने जाण्याला आपण चाकोरीतून जाणे म्हणतो आणि ती सोडण्याचे कौतुक करतो. सड्यावर मात्र चाकोरी सोडणे कौतुकाचे नाही. तिथे रस्ता सोडून दोन हात बाजूला घेतलेली गाडी पुढच्या पिढीचा वायतुरा चिरडून जाते. त्या दिवशी मी पाहिलेल्या खुराच्या ठशात फूल होते. आपला कायदा दीडशे वर्षे त्याच ठशाला दंड करत आला.