ढालकिड्याच्या जीवनावस्थांचे निरीक्षण : कॅलिफोर्नियातील एक प्रयोग (१८८८-८९)

जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासात आल्बर्ट केबेले यांच्या ऑस्ट्रेलिया प्रवासाला मानाचे स्थान दिले जाते. कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा उजाड करणाऱ्या पांढऱ्या खवलेकिडीवर उपजीविका करणारा ‘व्हेडालिया’ हा ढालकिडा त्यांना १८८८ मध्ये ॲडलेड येथे आढळला. तथापि प्रयोगाचे खरे यश प्रवासापेक्षा लॉस एंजेलिसमधील निरीक्षणात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेथे डी. डब्ल्यू. कॉक्विलेट यांनी कीडग्रस्त संत्र्याच्या झाडावर तंबू उभारला व तीन खेपांत आलेले अवघे १२९ ढालकिडे त्यात सोडले. ढालकिड्याची मादी खवलेकिडीच्या कापसासारख्या अंडपिशवीवर अंडी घालते. अळी त्या पिशवीत शिरून आतील अंडी फस्त करते आणि पुढे झाडावरच कोषावस्थेत जाते. म्हणजे बाग वाचविण्याचे श्रेय देखण्या प्रौढ कीटकाइतकेच या कुरूप अळीचेही आहे. (आपल्याकडे ढालकिड्यांच्या अळ्या अनेकदा कीड समजून चिरडल्या जातात.) एप्रिल १८८९ पर्यंत ते झाड जवळजवळ कीडमुक्त झाले आणि तंबूची एक बाजू उघडण्यात आली. ढालकिडे शेजारच्या झाडांवर पसरले. १२ जूनपर्यंत त्यांपैकी १०,५५५ कीटक २०८ बागायतदारांच्या हाती पोहोचले होते.