चाप, नळी आणि हात : लक्ष्यवेधी पिस्तुलांचा तौलनिक इतिहास



मावल्याच्या शाळेत पिस्तुलाविषयी बोलावे काय, हा प्रश्न विषय निवडताना मला प्रथम पडला. या मुलखात बंदुकीचे नाव निघाले की क्रीडांगण आठवत नाही. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी झुंजताना जोडेघाटात कोमरम भीम धारातीर्थी पडले. १९८१ च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंड बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. ही स्मृती बाजूस सारून शस्त्राचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु जे शस्त्र माणसाचा जीव घेते, तेच कागदी लक्ष्यासमोर माणसाला त्याचे स्वतःचे दोष दाखवू लागले, हाही इतिहासच होय. तो आज थोडक्यात मांडावयाचा आहे.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर टाकणे आणि नवे नळीत भरणे हे काम शस्त्र आपले आपण करते. जॉन ब्राउनिंग यांनी घडविलेले .४५ चे कोल्ट पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. त्यांनी आरंभिलेला आणखी एक आराखडा त्यांच्या निधनानंतर बेल्जियममध्ये पूर्णत्वास गेला व १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ या नावाने पुढे आला. याच घडणीचे ९ मि.मी. पिस्तूल पुढे आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातही तयार होऊ लागले. चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड ७५ हे नावाप्रमाणेच १९७५ चे, तर ऑस्ट्रियाचे ग्लॉक १७ हे १९८० च्या दशकाच्या आरंभीचे. ही चारही शस्त्रे पूर्ण आकाराची आणि मुळात शिपायाच्या कमरेला लावण्यासाठी घडविलेली.

लक्ष्यवेधाची कसोटी लावली की त्यांचे गुणदोष निराळे दिसू लागतात. कोल्टचा चाप सरळ मागे सरकतो. त्याचा ओढा आखूड व स्वच्छ असतो. सुमारे १,१०० ग्रॅम वजनामुळे ते हातात स्थिर राहते. अमेरिकेतील ५० व २५ यार्डांच्या एकहाती स्पर्धांत त्याला दीर्घकाळ मान मिळाला तो यामुळेच. मात्र .४५ च्या धक्क्याने नवशिका दचकतो, आणि दचकण्याची सवय एकदा जडली की सहजी सुटत नाही. हाय-पॉवर हातात सुरेख बसते. पण मॅगझिन काढल्यावर चुकून गोळी सुटू नये म्हणून केलेली योजना चापाशी जोडलेली असल्याने ओढा जड व खरखरीत होतो. शिपायाची सुरक्षितता येथे नेमबाजाची अडचण ठरते. सीझेडचा वरचा सरकता भाग सांगाड्याच्या आतल्या बाजूने चालतो, त्यामुळे नळीची रेषा मुठीच्या जवळ राहते व झटका कमी उसळतो. ग्लॉकचा सांगाडा प्लास्टिकचा असून वजन मॅगझिनविना जेमतेम ६३० ग्रॅम आहे. प्रत्येक गोळीला चाप सारखाच लागतो ही त्याची जमेची बाजू. परंतु हाताचा कंप हलक्या शस्त्रात अधिक उमटतो.

ऑलिंपिकच्या २५ मीटर स्पर्धेतील पिस्तूल मात्र युद्धाचा वारसा जवळजवळ पुसून आलेले आहे. ते .२२ चे असते आणि धक्का अल्प देते. सैनिकी पिस्तुलांची नळी प्रत्येक गोळीसरशी किंचित हलते. याची नळी पक्की बसविलेली असते. नियमानुसार वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, चापाचा भार किमान १,००० ग्रॅम, आणि नेम धरण्याच्या पुढच्या व मागच्या खुणांमधील अंतर २२० मि.मी.पर्यंत असू शकते.

या शेवटच्या आकड्याचे मर्म आपल्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी समरूप त्रिकोणांनी पडताळून पाहावे. खुणांच्या जुळणीत एक मि.मी.ची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मि.मी. बाजूला जाते, ग्लॉकमध्ये हे अंतर सुमारे १६५ मि.मी.च असल्याने तीच चूक दीडशे मि.मी.वर पोहोचते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ केवळ ५० मि.मी. व्यासाचे असते! म्हणजे उत्तम पिस्तूल चूक लहान करते, नाहीशी करीत नाही. ते स्वतःचे दोष नेमबाजाच्या दोषांत मिसळू देत नाही, एवढेच त्याचे श्रेष्ठत्व.

उरलेले काम हाताचे आणि मनाचे. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. तिच्या जलद फेरीत हात खाली ठेवून थांबावयाचे आणि तीन सेकंदांत उचलून एकच गोळी झाडावयाची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. अंतिम फेरीत थायलंडच्या स्पर्धकाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निर्णयासाठी दोनदा जादा गोळ्या झाडाव्या लागल्या. दोघींच्या हाती उत्तमच शस्त्रे होती. निकाल लागला तो श्वासावर आणि बोटाच्या संयमावर. हैदराबादच्या ईशा सिंग यांनी हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळविले. आपल्या गावाच्या एका बाजूस महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूस हैदराबाद. दोन्हीकडून हा धडा आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

आपल्या देशात ९ मि.मी.ची पिस्तुले सामान्य परवानाधारकास मिळत नाहीत, आणि यात खंत मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याचा आरंभ १० मीटरच्या एअर पिस्तुलानेच व्हावा. तेथे पहिला पाठ मिळतो तो असा : नळी कधीही माणसाकडे वळवावयाची नाही. जोडेघाट आणि इंद्रवेल्ली ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना या पाठाचे मोल निराळे सांगावयास नको.