गावाने राखलेले मैदान

गोल्फ म्हटले की कुंपण, पहारेकरी आणि दारावर मज्जावाची पाटी, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमचाही समज असाच होता. पण ज्याला या खेळाचे माहेरघर मानतात, त्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘ओल्ड कोर्स’चा इतिहास पाहू लागलो आणि हा समज ढासळला. ते मैदान कोणा उमरावाचे नाही, क्लबाचेही नाही; ते गावाचे आहे.

गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांची व खुरट्या गवताची एक चिंचोळी पट्टी आहे. अशा जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला ती निरुपयोगी. म्हणून खेळाला मोकळी राहिली. या खेळाचे वेड स्कॉटलंडात जुने. लोक तिरंदाजीचा सराव सोडतात म्हणून 1457 मध्ये पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती! पुढे 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांना या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली. पण त्याच सनदेत तेथे गोल्फ व फुटबॉल खेळण्याचा नागरिकांचा हक्क नमूद झाला.

मैदानाची रचनाही कोणी कागदावर आखलेली नाही. पट्टी अरुंद, म्हणून खेळत टोकापर्यंत जावयाचे आणि त्याच खळग्यांवरून खेळत परतावयाचे. असे 22 डाव होत. 1764 मध्ये आरंभीच्या चार खळग्यांच्या दोन केल्या आणि डाव 18 झाले. हाच आकडा पुढे जगाने उचलला. खेळणारे वाढले, तेव्हा एकाच हिरवळीवर जाणाऱ्यांसाठी व येणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या खळग्या झाल्या. अशा सात जोड-हिरवळी आजही आहेत. गंमत अशी की, जोडीतील क्रमांकांची बेरीज दर वेळी 18 येते: दुसरी नि सोळावी, तिसरी नि पंधरावी, याप्रमाणे.

पण ही जमीन एकदा हातची गेली होती. 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरसभेने ती विकली. लवकरच ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे आली, आणि सशांनी मैदान पोखरून काढले. नागरिक कोर्टात गेले. भांडण वीसएक वर्षे चालले. 1821 मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली, तेव्हा खेळ वाचला. अखेर 1894 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ती नगरसभेकडे परत आली. 1974 पासून तिची व्यवस्था एक विश्वस्त मंडळ पाहते.

आजही तेथे एरवी रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह, कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरावयास येतात. सनद कपाटात राहते. हक्क मात्र वापराने जिवंत राहतो. ज्या गावांची गायराने कोणाच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, त्या गावांनी या सशांच्या गोष्टीला नुसते हसून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.