८७ मतांचा सिनेटर

१९४८. टेक्सासमधील सिनेटची जागा रिकामी झाली होती. राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचेच वर्चस्व. त्यामुळे पक्षांतर्गत उमेदवारीची लढत हीच खरी निवडणूक. माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन विरुद्ध लिंडन जॉन्सन.

२८ ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीनंतर स्टीव्हन्सन किंचित पुढे होते. सहा दिवसांनी ॲलिस गावच्या १३ क्रमांकाच्या पेटीत २०२ जादा मते ‘सापडली’. पैकी २०० जॉन्सन यांची! नावे एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि चक्क वर्णानुक्रमे. मतदारांची एवढी शिस्त विरळाच.

सुमारे १० लाख मतांत जॉन्सन अवघ्या ८७ मतांनी जिंकले. स्टीव्हन्सन यांनी न्यायालयातून मनाई मिळवली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी ती स्थगित केली आणि पेटीची चौकशी अर्ध्यावरच थांबली. जॉन्सन सिनेटमध्ये पोहोचले; १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.