तंबूतला सिनेमा कसा चालायचा? रिळं, कार्बनच्या कांड्या आणि ऑपरेटरची कसरत

वडपे (ता. भिवंडी) : आज आपल्या वडप्याच्या नाक्यावर उभं राहिलं की नाशिक हायवेवरचे कंटेनर आणि दोन्ही अंगाला गोडाऊनच गोडाऊन दिसतात. या गोडाऊनमध्ये काम करणारी विशी-पंचविशीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सिनेमा बघतात. त्यांना 'रीळ' म्हटलं की तीस सेकंदांचा व्हिडिओ आठवतो. खरं रीळ म्हणजे काय, ते कसं फिरायचं, पडद्यावर चित्र कसं उमटायचं, हे सांगणारी माणसं आता गावागावात थोडी उरलीत. म्हणून ही माहिती एका जागी मांडतो आहे. चाळिशीच्या पुढच्यांना आठवणी येतील, लहानांना नवीन कळेल.

सुरुवात आपल्या शेजारच्या कल्याणात

सिनेमा भारतात आला तो ७ जुलै १८९६ रोजी. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंच्या माणसाने हलती चित्रं दाखवली, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण त्याच्या आधीच आपल्या जिल्ह्यात पडद्यावर खेळ सुरू झाले होते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. नाव अवघड आहे, काम सोपं. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगीत चित्रं काढायची, त्या पट्ट्या दिव्याच्या कंदिलासमोर धरायच्या आणि पुढच्या भिंगातून चित्र मोठं होऊन पडद्यावर पडायचं. एकामागून एक पट्टी भराभर सरकवली की चित्रातलं पात्र हलल्यासारखं वाटायचं. सोबत निवेदन आणि गाणी. रामायण-महाभारतातल्या कथा दाखवायच्या. त्यांची मुलंही याच कामात होती आणि हा खेळ घेऊन ती मंडळी बाहेरगावी फिरत. म्हणजे फिरत्या सिनेमाची नाळ ठाणे जिल्ह्यातच पुरलेली आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. आपल्या वडप्यावरून जाणारा हाच रस्ता पकडून नाशिक गाठलं की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक लागतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळी कामं करायच्या. त्यांचं नाव मात्र आपण क्वचित घेतो.

तेव्हा सिनेमा मुका होता. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. 'टॉकी' म्हणजे बोलणारा सिनेमा. तिथूनच थिएटरला टॉकीज म्हणायची सवय लागली. ती इतकी मुरली की ठाण्यात आजही एसटीतून उतरणारा माणूस 'वंदनाला उतरलो' म्हणतो. तो थांबा एका टॉकीजच्या नावावर आहे, हे नव्या पोरांच्या गावीही नसतं.

जत्रेतला तंबू

शहराला पक्की टॉकीज मिळाली. गावाला मिळाला तंबू. पावसाळा संपला, भात कापून झाला की जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा. मुरबाडकडची म्हशाची जत्रा पौषात, आपल्या तालुक्यातल्या वज्रेश्वरीची यात्रा चैत्रात. घाटावर पुसेगाव आणि अशा कितीतरी मोठ्या यात्रा. तंबूवाले या जत्रांचं वेळापत्रक धरून ट्रक हाकायचे.

ट्रक हाच त्यांचा संसार. जुन्या ट्रकच्या मागच्या हौद्यातच प्रोजेक्टर कायमचा बसवलेला असे. ट्रक उभा केला, मागचा फाळका उघडला की झाली केबिन तयार. समोर बांबूंवर पांढरा पडदा, भोवती कनातीचा तंबू, बाजूला धडधडणारा जनरेटर. दिवसा तिकिटाच्या खिडकीपाशी भोंगा सुरू व्हायचा. 'या मायबाप, या बहिणींनो, आज रात्री ठीक साडेनऊ वाजता' अशी हाळी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, बसायला जमीन. घरून गोणपाट न्यायचं. गर्दी फारच झाली तर पडद्याच्या मागच्या बाजूलाही लोक बसवत. तिथून चित्र दिसायचं, पण उलटं. हिरो डावखुरा व्हायचा आणि पाटीवरची अक्षरं वाचता यायची नाहीत. तरी कोणी तक्रार करत नसे.

१९९१ ला 'माहेरची साडी' आला तेव्हाचं मला आठवतं. मी शाळेत होतो. गावातल्या बायका टेम्पो भरून गेल्या होत्या आणि येताना रडून डोळे सुजलेले. त्याच्या आधी १९७५ ला 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जायचे, पडद्यावर पैसे आणि फुलं टाकायचे, हे जुनी माणसं आजही सांगतात.

मराठी सिनेमाला शहरात टॉकीज मिळवायला मात्र झगडावं लागायचं. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ ला दादरच्या कोहिनूरमध्ये लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावं लागलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. त्याउलट अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ ला आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराच्या वर आठवडे चालला. गिरणगावात लालबागचं भारतमाता थिएटर कोकण-घाटावरच्या कामगारांचं हक्काचं ठिकाण होतं.

आता मशीनकडे वळू

फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना भोकं. एका फुटात १६ चित्रं. बोलपटात एका सेकंदाला २४ चित्रं दाखवायची. हिशोब करा : मिनिटाला १४४० चित्रं, म्हणजे ९० फूट पट्टी. तीन तासांचा सिनेमा म्हणजे १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर. चालत गेलं तर तासभर लागेल एवढी लांब पट्टी रोज रात्री त्या मशीनमधून जायची आणि परत गुंडाळली जायची.

ही पट्टी डब्यांमध्ये यायची. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चाले. दोन हजार फुटांचं बावीस मिनिटं. म्हणजे एका सिनेमाचे आठ-नऊ मोठे डबे. पक्क्या टॉकीजमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकून जायचा. तो बघून ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचा. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की फटकन बदली. प्रेक्षकाला कळायचंही नाही. ज्याला एकदा हा ठिपका दिसला त्याला मग प्रत्येक सिनेमात तोच दिसतो. तंबूवाल्याकडे बहुतेक वेळा एकच मशीन. त्यामुळे रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या आणि चहावाल्याचा धंदा.

आता खरी गंमत. पट्टी सतत सरकत राहिली तर पडद्यावर नुसत्या रेघा दिसतील. प्रत्येक चित्र क्षणभर थांबायला हवं. त्यासाठी मशीनमध्ये क्रॉसच्या आकाराचं एक छोटं चाक असतं. मोटर एकसारखी फिरते, पण हे चाक झटक्या-झटक्याने फिरतं. थांब, ओढ, थांब, ओढ. सेकंदाला २४ वेळा. चित्र ओढलं जात असताना पुढचं पातं प्रकाश अडवतं, म्हणून ओढताना आपल्याला दिसत नाही. शिवाय चित्र थांबलेलं असतानाही पातं एकदा मध्ये येऊन जातं. म्हणजे एक चित्र दोनदा चमकतं, सेकंदाला ४८ वेळा. एवढ्या वेगाने डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. तुटक चित्रांची सलग हालचाल आपला मेंदूच तयार करतो. मशीनचा तो टकटकटक आवाज याच चाकाचा.

या चाकाच्या वर आणि खाली पट्टीचा थोडा झोल सोडावा लागतो. तो सुटला की चित्र थरथरायला लागतं. पट्टी एखाद्या भोकाने चुकली की हिरोचे पाय वर आणि डोकं खाली दिसायचं. मग सगळा तंबू ओरडायचा, 'ए, फ्रेम!' ऑपरेटर एक खिटी फिरवून चित्र जागेवर आणायचा.

आवाज कुठून यायचा? तोही फिल्मवरच छापलेला असे. चित्रांच्या कडेला एक नागमोडी रेघ. तिच्यावर छोट्या बल्बचा प्रकाश पाडायचा, पलीकडे फोटोसेल. रेघ जाड-बारीक होईल तसा प्रकाश कमी-जास्त, प्रकाशाप्रमाणे वीज कमी-जास्त, ती अॅम्प्लिफायरमधून भोंग्यात. चित्र झटक्याने सरकतं, आवाजाला मात्र एकसारखी गती लागते. म्हणून आवाज वाचायची जागा चित्राच्या खिडकीपासून वीसेक चित्रं दूर ठेवलेली असते. पट्टी भरताना हे अंतर चुकलं की ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो.

सर्वात कठीण काम उजेडाचं. आताच्यासारखा बल्ब नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या, वरून तांब्याचा मुलामा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जरा दूर केली की मध्ये विजेचा लखलखीत झोत पेटतो, अगदी वेल्डिंगसारखा. मागे गोल आरसा तो झोत फिल्मवर फेकतो. ही वीज एकदिश लागते, म्हणून रेक्टिफायर हवा. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं आणि उजेड पिवळा पडतो. ऑपरेटर काळ्या काचेतून बघत कांड्या पुढे सरकवत राहायचा. खोलीत धूर, उकाडा, चिमणीतून बाहेर जाणारी वाफ. तीन तास त्याला बाजूला होता येत नसे. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि हा त्रास संपला. पण ते महाग, आणि आतल्या दाबामुळे फुटायची भीती.

सिनेमास्कोपसाठी वेगळं भिंग लावायचं. फिल्मवर चित्र बाजूने दाबून छापलेलं असतं, भिंग ते ताणून रुंद करतं. ते लावायचं विसरलं तर सगळे नट काठीसारखे लांबडे दिसतात. १९७५ ला 'शोले' ७० मिलिमीटरवर मुंबईच्या मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षं हलला नाही, त्यात त्या भव्य पडद्याचाही वाटा होता.

आम्ही पोरं याचीच नक्कल करायचो. गेलेल्या बल्बमधलं सामान काढून त्यात पाणी भरायचं. झालं भिंग. अंगणात आरसा ठेवून उन्हाची तिरीप दारातून आत घ्यायची आणि मध्ये फिल्मचा तुकडा धरायचा. भिंतीवर चित्र उलटं पडायचं, म्हणून तुकडा उलटा धरायचा. खऱ्या प्रोजेक्टरमध्येही फिल्म उलटीच भरतात, कारण भिंग सगळं उलटं करतं. हे भौतिकशास्त्र मला बारावीला शिकवलं, पण कळलं होतं त्या पाण्याच्या बल्बमुळे.

तंबू का उठला

टीव्हीला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. आधी भाड्याचा व्हिडिओ आला. पूजेला, हळदीला टीव्ही-व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे. भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत व्हिडिओ पार्लरवर कामगारांची गर्दी. मालेगावच्या पोरांनी तर त्याच नादात स्वतःचे सिनेमे काढले आणि त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला. मग केबल, सीडी, शेवटी मोबाईल.

पण मशीनचा जीव गेला तो डिजिटलमुळे. सिनेमा हार्डडिस्कवर किंवा थेट सॅटेलाईटवरून थिएटरच्या सर्व्हरवर येऊ लागला. त्याला पासवर्डसारखी किल्ली असते, ठरलेल्या तारखेलाच उघडते. प्रिंट छापायचा खर्च वाचला, गावात आणि मुंबईत एकाच दिवशी सिनेमा लागू लागला. हा फायदा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र २०१३-१४ च्या सुमारास नव्या सिनेमाच्या प्रिंट निघणं जवळपास थांबलं आणि तंबूवाल्याकडे जुन्या रिळांशिवाय दाखवायला काही राहिलं नाही. काहींनी डिजिटल मशीन घेतलं. बाकीच्यांचे प्रोजेक्टर लोखंडाच्या भावाने गेले. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षं फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ ला कान महोत्सवात त्याला परीक्षकांची खास दाद मिळाली.

घरात किंवा भंगारात रीळ सापडलं तर

आपल्या भागात भंगाराची गोडाऊनं भरपूर, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मूकपटांच्या काळात देशात तेराशेच्या आसपास सिनेमे निघाले, त्यातले तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. 'आलम आरा'ची एकही प्रिंट शिल्लक नाही. फिल्मवर चांदीचा थर असतो. ती चांदी काढायला पुष्कळ रिळं धुऊन टाकली गेली.

जुना डबा मिळाला तर आधी काळजी घ्या. १९५० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच फिल्म नायट्रेटच्या असत. ती फिल्म भयंकर पेट घेते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत असे बरेच जुने सिनेमे खाक झाले. तेव्हा डब्याजवळ विडी-काडी नको, उन्हात ठेवणं नको, पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. नंतरच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजायला लागली आहे असं समजा. असा डबा इतर डब्यांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पट्टी ओढून उलगडू नका, चिकटलेली असेल तर फाटते.

डब्यावरचं नाव, रिळाचा नंबर यांचा फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क करा. १९६४ पासून ही सरकारी संस्था जुने सिनेमे सांभाळते. नुसती रिळंच नव्हे, जुनी पोस्टर, फोटो, गाण्यांच्या पुस्तिकाही तिथे जपतात. डब्यावर नाव नसलं तरी टाकून देऊ नका, पट्टीच्या कडेला छापलेल्या खुणांवरून जाणकाराला फिल्मचं वय काढता येतं.