वाडी, आळी आणि संकेतस्थळ : व्यक्तिगत पानांच्या नकाशांचा इतिहास

व्यक्तिगत संकेतस्थळांना वस्तीचे रूप देऊन वाचकास त्यांतून खेळातल्याप्रमाणे हिंडू द्यावे, ही कल्पना महाजालाच्या लोकप्रसाराइतकीच जुनी आहे. प्रस्तुत लेखात गिरगावातील खोताची वाडी हा नमुना समोर ठेवून तिचा ऐतिहासिक विचार केला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले व त्यांच्या आडनावावरून वाडीस नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. (‘ईस्ट इंडियन’ ही संज्ञा या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्वीकारली, आरंभकाळापुरती ती मागाहून लावलेली आहे.) लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि गल्लीकडे उघडणारे व्हरांडे ही येथील घरांची वैशिष्ट्ये होत. गल्ली वळणावळणाची असल्याने पुढचे घर वळल्यावाचून दिसत नाही. कर्नल लाफ्टन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची तपशीलवार मोजणी झाली. तिचा हेतू महसुली होता. अशा नकाशात भिंती सापडतात. कोण कोणाच्या व्हरांड्यात बसे, हे सापडत नाही.

नेमका हाच प्रश्न संगणकावरील वस्तीत पुन्हा उद्भवला. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये आरंभिलेल्या आणि पुढे ‘जिओसिटीज’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या सेवेत सभासदास फुकट जागा मिळे. पण ती आधी विषयवार मोहल्ला निवडून, त्यातील रिकामा क्रमांक शोधून घ्यावी लागे. शिक्षण व तत्त्वज्ञानासाठी ‘अथेन्स’, संगणकासाठी ‘सिलिकॉन व्हॅली’ अशी त्यांची नावे होती. येथे खोत होता, तुकडे होते, कूळ मात्र बिनभाड्याचे होते. याहू कंपनीने १९९९ मध्ये ही सेवा विकत घेतल्यावर नव्या पानांसाठी मोहल्ल्याचा पत्ता मागे पडला, आणि २००९ च्या ऑक्टोबरात जपानबाहेरील सारी वस्ती बंद झाली. ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी जेवढे वाचवता आले तेवढे २०१० मध्ये सर्वांसाठी खुले केले.

त्या संग्रहावरून डच रचनाकार रिचर्ड व्हायखेन यांनी २०११ मध्ये ‘द डिलीटेड सिटी’ हा स्पर्शपटलावरील नकाशा सिद्ध केला. प्रेक्षक मोहल्ल्यातून घराकडे, घरातून एकेका चित्रापर्यंत उतरत जातो. मोहल्ल्याचे क्षेत्रफळ त्यातील सामग्रीच्या प्रमाणात आहे. हे काम मोलाचे आहे. तथापि आकारमानावर आधारलेला हा नकाशा लाफ्टनच्याच परंपरेतला वाटतो. सारे शहर वरून एकदम दिसते, त्यामुळे वळणाची उत्सुकता उरत नाही.

खेळाची परंपरा याहून निराळी आहे. आपल्याकडील मोक्षपटात घरांचा क्रम अंतरावर नसून पापपुण्याच्या उतरंडीवर असतो. साप आणि शिड्या हेच तेथील रस्ते. विल क्राउदर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास रचलेला गुहेचा संगणकीय खेळ केंटकीतील प्रत्यक्ष गुहेच्या ओळखीतून उपजला होता. पडद्यावर केवळ शब्द असत आणि नकाशा खेळणाऱ्याने स्वतः कागदावर काढायचा असे. पुढचे न दाखवणे हीच या पद्धतीची शक्ती होय. शोधयंत्राने याच्या उलट केले. त्याने वाचकास थेट इच्छित दारात आणून सोडले, आणि शेजार निरर्थक झाला.

खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ घरे होती, असे सांगितले जाते. त्यांपैकी निम्म्याहून कमी आज उभी आहेत. अशा वाडीचा किंवा बुडालेल्या संकेतस्थळांचा हिंडण्याजोगा नकाशा करताना पाडलेल्या घराचे काय करावे, हा अभ्यासकापुढील खरा पेच आहे. ते पुन्हा चित्रित केले तर खोटी पूर्णता येते. वगळले तर दोन दूरची घरे शेजारी ठरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते जागा रिकामी, पण क्रमांकासह ठेवावी. वाटसरू तेथे थांबेल, दार उघडणार नाही, आणि गल्ली पुढे वळेल.