बोर्डरूममध्ये गुणवत्ता कोण ठरवतो? ‘दि अप्रेंटिस’च्या इतिहासातून घ्यायचा धडा

आज आपल्या वस्त्यांतल्या आणि वसतिगृहांतल्या तरुणांच्या मोबाईलवर ‘शार्क टँक’च्या क्लिप सतत फिरत असतात. पाच श्रीमंत माणसे खुर्चीत बसलेली, समोर एक तरुण उभा, आणि दहा मिनिटांत त्याच्या आयुष्याचा निकाल. क्लिप संपली की कोणीतरी म्हणतो, “बघा, असा कॉन्फिडन्स पाहिजे. आपल्या पोरांना चारचौघांत बोलताच येत नाही, म्हणून ती मागे राहतात.” हे वाक्य आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकले आहे आणि दुर्दैवाने चळवळीच्या बैठकीतही ऐकले आहे. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला भाग आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. अशा कार्यक्रमांत स्पर्धक कसा वागतो हे त्याच्या स्वभावापेक्षा त्या खोलीच्या नियमांवर ठरते. आणि एकाच वागण्याला कोणते नाव मिळेल, हे वागणारा कोण आहे यावर ठरते. गोऱ्या माणसाचा आक्रमकपणा नेतृत्व ठरतो, काळ्या बाईचा आक्रमकपणा माज ठरतो. हे आम्ही हवेत बोलत नाही. या कार्यक्रमांचा वीस वर्षांचा इतिहास समोर आहे, तो तपासून पाहू.

८ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘दि अप्रेंटिस’ सुरू झाला. निर्माता मार्क बर्नेट. याच माणसाने २००० साली अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ आणला होता. त्यात माणसांना बेटावर सोडायचे आणि एकेकाला बाहेर काढायचे, असा खेळ होता. बर्नेटने ते बेट काढून त्या जागी न्यूयॉर्क शहर ठेवले. सोळा स्पर्धक, आठ पुरुष आणि आठ स्त्रिया. पहिले काम रस्त्यावर लिंबू सरबत विकण्याचे. दर आठवड्याला हरलेल्या संघाने बोर्डरूममध्ये यायचे, एकमेकांवर दोष ढकलायचा, आणि डोनाल्ड ट्रम्प एकाकडे बोट करून ‘यू आर फायर्ड’ म्हणणार. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला वर्षाला अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी.

आता ही खोली नीट पाहा. ती खरी कचेरी नव्हती, ट्रम्प टॉवरमध्ये उभारलेला सेट होता. तिथे न्यायाधीश एकच. लेखी नियम नाही, अपील नाही, युनियन नाही. वाचायचे असेल तर शेजारच्याला पुढे ढकलावे लागते. अशा खोलीत माणसे भांडतात, चुगल्या करतात, साहेबाची स्तुती करतात, यात नवल ते काय? त्यांना दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. कामगारांची एकजूट जिथे शक्यच नाही अशी जागा तयार करायची, आणि मग दाखवायचे की माणूस जातीने स्वार्थीच असतो! हा खेळ आपल्याला नवा नाही.

आणखी एक गोष्ट या कार्यक्रमाच्या संकलकांनीच नंतर पत्रकारांना सांगितली आहे. ट्रम्प कधी कधी मनात येईल त्याला काढून टाकत. मग संकलकांना चित्रीकरण पुन्हा चाळून त्या स्पर्धकाच्या चुका शोधाव्या लागत, म्हणजे निर्णय योग्य होता असे प्रेक्षकांना वाटावे. निकाल आधी, पुरावा नंतर! ज्यांच्या आजोबा-पणजोबांची लायकी जन्माच्या दिवशीच ठरवली गेली आणि तिची कारणे नंतर शास्त्रांत शोधली गेली, त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

आता तीन कृष्णवर्णीय स्पर्धकांकडे पाहू.

पहिली ओमारोसा मॅनिगॉल्ट. क्लिंटन यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमध्ये काम केलेली ही स्त्री पहिल्याच पर्वात होती. ती भांडखोर होती, खोटेही बोलली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या पर्वात भांडणारी ती एकटी नव्हती. सॅम सोलोवे नावाचा गोरा स्पर्धक तर पहिल्याच कामात लिंबू सरबताचा एक पेला हजार डॉलरला विकायला निघाला होता. सॅम लोकांच्या लक्षात राहिला तो वल्ली म्हणून. ओमारोसा मात्र अमेरिकन टीव्हीची खलनायिका झाली, आणि तिच्या निमित्ताने ‘चिडकी काळी बाई’ हा जुना साचा घरोघर पुन्हा पोचला. एक गोरा विचित्र वागला तर तो एकटा विचित्र असतो. एक काळी बाई विचित्र वागली तर तिची सगळी जमात तशी ठरते. आपल्याकडे वर्गातल्या एका मुलाला कमी गुण पडले की ‘आरक्षणवाले असेच’ हे वाक्य येते ना, तसेच.

दुसरा क्वामे जॅक्सन. हार्वर्डचा एमबीए, गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेला, शांत आणि मितभाषी. पहिल्या पर्वाची अंतिम फेरी १५ एप्रिल २००४ रोजी झाली. त्यात क्वामेसमोर शिकागोचा गोरा उद्योजक बिल रॅन्सिक होता. क्वामेकडे अटलांटिक सिटीतल्या ट्रम्प ताजमहाल कॅसिनोत गायिका जेसिका सिम्पसनचा कार्यक्रम पार पाडण्याचे काम होते, आणि मदतीला त्याच्या संघात परत आणली होती ती ओमारोसा. तिने घोळ घातला, क्वामेशी खोटे बोलली. तरी क्वामे चिडला नाही, आरडाओरडा केला नाही. मग प्रश्न आला की तिला संघातून का काढले नाहीस? त्याची शांतता कमजोरी ठरली. नोकरी रॅन्सिकला मिळाली.

म्हणजे बघा, ओमारोसा ओरडली म्हणून वाईट, क्वामे ओरडला नाही म्हणून कमी. मग नेमके वागायचे तरी कसे?

याचे उत्तर तिसऱ्या स्पर्धकाने शोधून पाहिले. चौथ्या पर्वातला रँडल पिंकेट. ऑक्सफर्डचा ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक, एमआयटीचा डॉक्टरेट, स्वतःची कंपनी चालवणारा. १५ डिसेंबर २००५ रोजी ट्रम्प यांनी त्याला विजेता घोषित केले. या कार्यक्रमाचा तो पहिला कृष्णवर्णीय विजेता. आधीच्या तीनही पर्वांचे विजेते गोरे होते. पण घोषणेनंतर लगेच ट्रम्प यांनी त्याला विचारले की उपविजेत्या रिबेका जार्विसलाही नोकरी द्यावी का? असा प्रश्न आधीच्या तीन विजेत्यांना कोणी विचारला नव्हता. पिंकेटने ठामपणे नकार दिला. विजेता एकच असतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर काय झाले? त्याच्या पदव्या आणि त्याचा विजय बाजूला राहिला आणि चर्चा सुरू झाली ती त्याच्या ‘कोत्या मनाची’. स्वतःच्या कष्टाने मिळवलेली गोष्ट वाटून घ्यायला नकार दिला म्हणून विजेताच गुन्हेगार!

मित्रांनो, याच २००५ साली ट्रम्प यांनी एका पर्वात गोऱ्यांचा संघ विरुद्ध काळ्यांचा संघ लढवण्याची कल्पना जाहीरपणे मांडली होती. ती पडद्यावर आली नाही. पण न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसला होता हे त्यावरून कळते. त्या खुर्चीचा इतिहास तर आणखी जुना आहे. १९७३ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने ट्रम्प कुटुंबाच्या घरभाड्याच्या व्यवसायावर कृष्णवर्णीयांना घरे नाकारल्याचा खटला भरला होता, आणि १९७५ साली तडजोडीने तो मिटला. गंमत पाहा, ज्या ताजमहाल कॅसिनोत क्वामेची परीक्षा झाली, त्याची मालक असलेली ट्रम्प यांची कंपनी त्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी होती. परीक्षकाचा धंदा बुडत होता, आणि नापास मात्र परीक्षार्थी होत होता. परीक्षकाची परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न त्या कार्यक्रमात कोणीही विचारला नाही.

२००८ ची मंदी आली. लाखोंच्या नोकऱ्या गेल्या. साहेबाच्या हाताखालच्या नोकरीचे स्वप्न विकणे अवघड झाले. मग टीव्हीने स्वप्न बदलले. आता नोकरी मागू नका, भांडवल मागा! जपानमध्ये २००१ साली सुरू झालेला आणि २००५ पासून बीबीसीवर ‘ड्रॅगन्स डेन’ नावाने चालणारा खेळ ऑगस्ट २००९ मध्ये ‘शार्क टँक’ म्हणून अमेरिकेत आला. एका साहेबाच्या जागी पाच साहेब आले. स्पर्धकाचे वागणेही बदलले. आता भांडण नको, गोष्ट हवी. गरिबीची गोष्ट, आजीची गोष्ट, डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट.

२००७ साली ‘ड्रॅगन्स डेन’मध्ये लीव्हाय रूट्स आला. जमैकात जन्मलेला, लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये राहणारा रास्ताफारियन. घरी बनवलेला सॉस तो नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये विकायचा. तो हातात गिटार घेऊन गात गातच गुंतवणूकदारांसमोर आला. २० टक्के हिश्श्यासाठी ५० हजार पौंड मागत होता. पैसे मिळाले, पण हिस्सा द्यावा लागला ४० टक्के. सॉस मोठ्या दुकानांत पोचला, माणूस श्रीमंत झाला, त्याचे आम्हाला कौतुकच आहे. पण पुढे २०११ साली लंडनच्या न्यायालयात त्याने मान्य केले की पाककृती आजीची असल्याची गोष्ट विक्रीसाठी रचलेली होती. आम्ही त्याला दोष देणार नाही. ज्या खोलीत हिशेबापेक्षा गोष्टीला भाव मिळतो, तिथे माणूस गोष्ट रचणारच.

डिसेंबर २०२१ मध्ये हा खेळ भारतात आला. पहिल्याच पर्वात आपल्या मालेगाव तालुक्यातला एक तरुण, ज्याला सारा देश ‘जुगाडू कमलेश’ म्हणून ओळखतो, औषध फवारणीची सायकलसारखी गाडी घेऊन उभा राहिला. साध्या बोलीत बोलला, देश हळहळला. चार शार्कनी पैसे दिले नाहीत. एकाने दिले, १० लाख रुपये ४० टक्के हिश्श्यासाठी आणि २० लाख बिनव्याजी कर्ज. ब्रिक्स्टनचा ४० टक्के, मालेगावचाही ४० टक्के! पैसे देणाऱ्याच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. खेड्यातल्या कल्पक तरुणाला भांडवलासाठी देशासमोर हुंदका का आवरावा लागतो? गावातल्या बँकेची पायरी त्याला जवळची का वाटत नाही?

कोणी म्हणेल, तुम्ही आंबेडकरवादी धंद्याच्या विरोधात आहात. मुळीच नाही. १९१३ ते १९१६ बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९१७ साली परतल्यावर बडोद्यात अपमान सोसून ते मुंबईला आले आणि त्यांनी शेअर-व्यवहारांबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. ज्ञान होते, इंग्रजी होते, परदेशी पदवी होती, कॉन्फिडन्स तर होताच होता. सुरुवातीला लोक आलेही. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले तेव्हा ग्राहक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. सांगा, बाबासाहेबांचे पिचिंग कमी पडले होते काय? इतका शिकलेला अर्थतज्ज्ञ धंद्यात टिकू शकला नाही, तो बोलता येत नव्हते म्हणून नव्हे, समोरचे दार जातीचे होते म्हणून.

म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे आपल्या लोकांना चांगले वागून साहेबाला खूश करायचा सल्ला दिला नाही. त्यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. आणि राज्यघटनेत हक्क लिहून ठेवले. लिहिलेला हक्क आणि साहेबाची मर्जी यांतला फरक हाच आपल्या चळवळीचा पाया आहे.

तेव्हा तरुणांनो, धंदा जरूर करा. बोलायला शिका, हिशेब शिका, इंग्रजी शिका. कॉलेजच्या पिचिंग स्पर्धेत उतरायचे तर उतरा. पण तिथे हरलात तर आपल्यातच काही खोट आहे असे समजू नका. आणि जिंकण्यासाठी आईच्या धुण्याभांड्याच्या कामाचे भांडवल करू नका. आईचे कष्ट ही आपली इज्जत आहे, ती साहेबाला पाझर फोडण्यासाठी नाही. हक्काचे जे आहे ते आधी मागा. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे असे ठरले होते. आपल्या गावच्या शाखेने ते किती जणांना दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या तालुक्यातल्या प्रकरणांचे काय झाले, हे पाच जणांनी मिळून जाऊन विचारा. एकट्याने गेलात तर तुम्ही स्पर्धक असता, पाच जण गेलात तर ती संघटना होते.

शेवटी पुन्हा त्या तिघांकडे. एप्रिल २०१६ मध्ये पिंकेट, क्वामे आणि आणखी काही माजी स्पर्धक न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले आणि त्यांनी ट्रम्प यांच्या उमेदवारीला जाहीर विरोध केला. ज्या खोलीने त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले होते, तिच्या बाहेर ते एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. ओमारोसा मात्र साहेबासोबत राहिली, जानेवारी २०१७ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेली आणि वर्ष संपता संपता एका बंद खोलीत बोलावून तिला काढून टाकण्यात आले. पुढे तिने तोंड उघडले तेव्हा ट्रम्प यांनी तिला जाहीरपणे कुत्रा म्हटले. साहेबाच्या मर्जीवर मिळालेली खुर्ची साहेबाच्या मर्जीनेच जाते.

खोलीत कसे वागावे हे शिकवणारे पुष्कळ आहेत. आपण विचारायचे ते एवढेच, की ही खोली कोणाची आणि नियम कोणी केले?

जय भीम!